वरच्या मजल्यावरची थंडी

टोलेडो, १४ जानेवारी

रोझेटा,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, मग ते पान फाडून हे नवीन घेतलं. तेवढा हक्क मला उरलेला नाही, एवढं मला कळतं.

तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, डॉरिसकडून मिळाला. मिळाला म्हणजे उकळला. शनिवारी दुकानात ती कोबी दाबून बघत होती. मला पाहताच तिने ढकलगाडी वळवली, पण पुढे बटाट्यांचा ढीग होता, तिथे अडकली. मी सरळ विचारलं, "रोझेटा कशी आहे?"

"तुला गं काय करायचंय?" डॉरिस म्हणाली. "आणखी कुठल्या कागदावर सही करायची राहिलीय का?"

लोक बघायला लागले. मी म्हटलं, "राहिली असेल तर करीन. आधी सांग, ती कशी आहे?"

मग तिने सांगितलं. तू फोर्ट वेनला लेकीकडे, इव्हेटकडे असतेस, बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपतेस आणि नातवंडं शाळेत गेल्याशिवाय तुला पाय पसरता येत नाहीत. सात घरांसाठी अर्ज केलेस, सातही ठिकाणांहून नकार आला. इस्पितळाच्या धुलाईखान्यात जिने चाळीस वर्षं एक दिवस उशीर केला नाही, त्या बाईला नकार! कारण संगणकात तुझं नाव टाकलं की घरमालकांना पहिल्यांदा दिसतो तो आपल्या घरमालकाने, डेलने तुझ्यावर केलेला दावा, भाडं थकवलं म्हणून घराबाहेर काढण्याचा. पुढचं कोणी वाचतच नाही. घर तापवणाऱ्या भट्टीची ऊब वर तुझ्या मजल्यावर पोचत नव्हती, तू तीनदा लेखी कळवलंस, मग वैतागून भाडं रोखलंस, हे त्या एका ओळीत कुठून दिसणार? ते भाडं नुसतं रोखायचं नसतं, कोर्टात नेऊन भरायचं असतं, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं.

मला वाटत होतं तू मजेत असशील. खरं सांगायचं तर मी तसं ठरवूनच टाकलं होतं. इव्हेटचं स्वतःचं घर आहे, नातवंडं आहेत, हिला काय कमी, असं मी जवळजवळ वर्षभर स्वतःला सांगत आले.

तर ऐक. तो दावा कोर्टाच्या दप्तरातून पुसता येतो का, याची मी चौकशी करणार आहे. मंगळवारी फुकट सल्ला देणाऱ्या वकिलांकडे जाते आहे. दोन बस बदलाव्या लागतात आणि फुटपाथवर बर्फ साचलाय, पण मी जाणार. तू उत्तर लिहू नकोस. लिहावंसं वाटलंच तर शिव्या लिही, त्या चालतील.

अर्लीन, खालची


टोलेडो, ३० जानेवारी

रोझेटा,

वकीलबाई वयाने माझ्या भाचीएवढी आहे. नाव अल्वाराडो. टेबलावर फायलींचा ढीग आणि ढिगावर अर्धं खाल्लेलं सँडविच.

"तुम्ही रोझेटा पिट्स यांच्या नातेवाईक?" तिने विचारलं.

"शेजारीण. त्या वर, मी खाली. एकोणीस वर्षं."

"आणि त्या खटल्यात तुम्ही काही लिहून दिलं होतं?"

"हो. घरमालकाच्या बाजूने."

तिने सँडविच बाजूला सारलं. "आणि आता तुम्हाला त्यांना मदत करायचीय?"

"मी लिहून दिलं ते खोटं होतं," मी म्हटलं. हे वाक्य मी बसमध्ये चारदा घोकलं होतं, म्हणून न अडखळता बाहेर पडलं.

दावा पुसता येत नाही, पण झाकता येतो म्हणाली. झाकला की घरमालकांना तो दिसत नाही. हे सगळं न्यायासनाच्या मर्जीवर आहे. अर्ज तुझ्या सहीने जायला हवा आणि सोबत माझं शपथेवरचं निवेदन. अर्जाचे कागद या पत्रासोबत ठेवलेत. तिच्या कार्यालयाचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीटही आहे. तू मला काही लिहायची गरज नाही, फक्त फुल्यांच्या जागी सही कर.

निघताना अल्वाराडोने विचारलं, "तुमचा करार किती वर्षांचा?"

"महिन्यामहिन्याचा."

"मग घरमालक तुम्हालाही निघा म्हणू शकतो. विचार केलाय?"

मी म्हटलं, डेल तसला माणूस नाही. ती म्हणाली, "दारावर कागद लागेपर्यंत कोणीच तसला नसतो."

आता त्या सहीबद्दल लिहायलाच हवं. कोर्टात तो कागद वाचला तेव्हा मी तिथे नव्हते. कागद पुढे करून मी घरी बसले होते. त्या दिवशी तू परत आलीस आणि माझ्या दारावरून जिना चढून गेलीस, दोन पायऱ्यांवर थांबून चावी शोधायची तुझी सवय, तीही त्या दिवशी नव्हती. आठवड्यात घर रिकामं केलंस.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत डेल भट्टी बघायला आला होता. पाच मिनिटं तळघरात आणि पाऊण तास माझ्या टेबलाशी. त्याने हरणाच्या मांसाचं सॉसेज आणलं होतं, मी कॉफी दिली, सफरचंदाचा केक दिला, त्याने दुसरा तुकडा मागून घेतला. "खाली कसं काय, अर्लीन?" "छान, अगदी छान." मग गुडघ्यांवर थाप मारून तो म्हणाला, "चला, निघतो आता." तुला माहीत आहेच, आपल्याकडे त्याचा अर्थ निरोपाला आत्ता कुठे सुरुवात झाली. दहा मिनिटं दारात, दहा मिनिटं पायऱ्यांवर आणि शेवटी त्याच्या गाडीच्या खिडकीशी. त्या खिडकीतून त्याने कागद काढला. "तुम्ही आत्ता म्हणालात तेवढंच लिहिलंय. दोघींना भट्टी एकच, ती ठीक चालते. एक सही करा ना."

माझ्या हातात त्याचं सॉसेज होतं, त्याच्या पोटात माझा केक. मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि सही केली. 'नाही' म्हणायलासुद्धा याहून जास्त वेळ लागला असता.

अर्लीन


टोलेडो, १९ फेब्रुवारी

रोझेटा,

डेलला मी आधीच सांगून टाकलं. अल्वाराडो नको म्हणत होती. पण मागून वार करायचा नव्हता मला, एकदा केला तेवढा पुरे.

तो बर्फ वितळावा म्हणून पायऱ्यांवर मीठ टाकायला आला होता. नेहमीसारखा आत आला, टोपी काढली. मी कॉफी विचारली नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभाच राहिला, बसावं की नाही त्याला कळेना.

"बरं नाही का, अर्लीन?"

"बरी आहे. मी कोर्टात सांगणार आहे, तुम्ही माझी सही घेतली तो कागद खोटा होता."

तो हसला. "अहो, तुम्हीच तर म्हणालात, छान आहे!"

"तुम्ही केक खात होतात."

"त्याचा काय संबंध?"

"माझा केक खाणाऱ्या माणसाला मी आयुष्यात वाईट बोलले नाही, हाच संबंध."

त्याचे कान लाल झाले. "मी कधी वाकडं वागलो का तुमच्याशी? नळ गळला, रविवारी आलो. खिडकी फुटली, चर्चमधून उठून आलो."

"माझ्याशी कधीच नाही वागलात."

"मग त्या बाईसाठी तुम्ही..."

"बोला ना. वाक्य पूर्ण करा, डेल."

त्याने ते पूर्ण केलं नाही. टोपी घातली आणि गेला. दारात नाही, पायऱ्यांवर नाही, कुठेच थांबला नाही. मिठाची बादली तशीच राहिली, ती मीच उचलून आत ठेवली.

आता जे लिहिते आहे ते तुला माहीत नाही आणि ते लिहायला मी तीन पत्रं घेतली. तू गेल्यावर सप्टेंबरात डेलने नवी भट्टी बसवली. जुनी काढणाऱ्या मिस्त्रीने मला तळघरात हाक मारली, बॅटरीचा झोत छताकडे टाकला. वरच्या मजल्याला जाणारी हवेची नळी सांध्यातून निखळून लोंबत होती. "वर कोणी राहत होतं?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. "कसं राहत होतं?" तो म्हणाला. "त्यांची सगळी गरम हवा इथेच पडत होती. तुमच्या जमिनीखाली."

त्या हिवाळ्यात मी स्वयंपाकघरात अनवाणी फिरायचे. यंदा फरशी काय छान उबदार आहे, असं तुलाच कौतुकाने सांगितलं होतं. आठवतं? तू काही बोलली नव्हतीस. ती तुझी ऊब होती, रोझेटा. माझ्या पायांना ती मिळत होती आणि वर तू गोठत होतीस.

हे मला सप्टेंबरपासून माहीत आहे. तुला लिहायला जानेवारी उजाडला. मधल्या चार महिन्यांची मला इतकी लाज वाटते की त्याबद्दल आणखी काही लिहवत नाही. मिस्त्रीचं नाव मी त्याच्या पावतीवरून शोधून काढलंय आणि तो लेखी द्यायला तयार आहे.

अर्लीन


टोलेडो, ९ मार्च

रोझेटा,

तुझ्या सहीचे कागद अल्वाराडोकडे पोचले. सोबत चिठ्ठी नव्हती, असणार नाही हे मला ठाऊक होतं. पण तिने सही दाखवली तेव्हा मी खुर्चीत बसून घेतलं. सुनावणी २६ मार्चला आहे. तुला यायची सक्ती नाही.

दुसरी बातमी. डेल खरंच तसला निघाला. मंगळवारी दारावर कागद चिकटवलेला होता, ३० एप्रिलपर्यंत घर सोडा. कारण लिहिलेलं नाही. चिकटपट्टीच्या चार पट्ट्या लावल्या होत्या, वाऱ्याने उडू नये म्हणून. कामात तो नीटनेटका आहे, हे मान्य करायला हवं.

अल्वाराडो म्हणते, हा सूड आहे आणि सूडापोटी भाडेकरूला काढता येत नाही, भांडू. मी म्हटलं, भांडू. डॉरिस संध्याकाळी आली, (हो, ती आता येते, कॉफीला नावं ठेवत दोन कप पिते) आणि कागद वाचून म्हणाली, "मग आता माघार घेतेस की काय? अजून वेळ आहे. निवेदन मागे घे, त्याला केक करून घाल, सगळं पहिल्यासारखं होईल."

ती माझी परीक्षा बघत होती. मला राग आला आणि बरंही वाटलं, कारण त्या रागात भीती जरा मागे सरली. भीती वाटते मला, कशाला लपवू? शाळेच्या भोजनगृहातून निवृत्त झालेल्या सहासष्ट वर्षांच्या बाईला कोण नवं घर देतं? तुझ्या सोफ्याबद्दल ऐकून झालेलं आहे, त्यामुळे पुढे काय असतं ते मला चांगलं दिसतंय. तरी निवेदन मागे घेणार नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला तुझ्यापुढे शब्द फिरवता येणार नाही.

अर्लीन


टोलेडो, २७ मार्च

रोझेटा,

काल सुनावणी झाली. जसं घडलं तसं सांगते, माझी बाजू न सजवता.

खोली लहान, खिडकी नाही. डेल तिसऱ्या बाकावर होता, नवा शर्ट, घड्यांच्या रेघा तशाच, टोपी गुडघ्यावर. बायको वारल्यापासून त्याचे शर्ट कोणी इस्त्री करत नाही. हे असलं काहीतरी मला नेमकं त्याच वेळी सुचतं.

शपथ झाली. न्यायासनावर एक बाई होत्या, चष्मा कपाळावर. त्यांनी विचारलं, "त्या हिवाळ्यात वरच्या मजल्यावर थंडी होती का?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "तशी फार नव्हती हो."

रोझेटा, मी दोन महिने बस बदलून बदलून तिथवर गेले होते ते हे सांगायला! डेल समोर बसलाय, त्याला वाईट वाटेल, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. अल्वाराडोचं पेन थांबलं. मागून डॉरिस मोठ्याने म्हणाली, "अगं देवा!" आणि शिपायाने तिला दटावलं.

न्यायासनावरच्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "फार नव्हती म्हणजे किती?"

मी डेलकडे बघणं सोडलं आणि टेबलाच्या लाकडाकडे बघून बोलले. म्हटलं, "चुकले. मला पुन्हा सांगू द्या. जानेवारीत मी कोंबडीचा रस्सा घेऊन वर गेले होते. ती ओव्हनचं दार उघडून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसली होती. अंगात कोट, डोक्याला मफलर. बोलताना तोंडातून वाफ येत होती, घरात. मला म्हणाली, बस ना जरा. मी म्हटलं, खाली चुलीवर काहीतरी ठेवलंय. चुलीवर काहीच नव्हतं. मला दहा मिनिटंसुद्धा तिथे बसवेना, म्हणून मी खाली पळाले."

"हे माहीत असून तुम्ही सही केलीत?"

"हो."

"का?"

मी भिडेचं उत्तर तयार ठेवलं होतं. केक, सॉसेज, गाडीची खिडकी, तुला लिहिलं होतं तेच सगळं. पण ते अर्धंच होतं आणि तुलाही मी अर्धंच लिहिलं. म्हणून बाकीचं तिथे बोलले. "भट्टी बदलली असती तर दोघींचं भाडं वाढलं असतं. मला माझं वाढायला नको होतं. ती गप्प बसली तर बरं, असं मला वाटत होतं. मी खाली उबेत होते."

मिस्त्रीचा कागद बाईंनी दोनदा वाचला. डेलला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? तो उभा राहिला, टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि "नाही, मॅडम" म्हणून बसला. निर्णय टपालाने कळवू म्हणाल्या.

बाहेर मोटारींजवळ तो माझ्याशी बोलायला आला. "अर्लीन, नळी तुटलीय हे मला माहीत असतं तर..."

"तिने तीनदा लिहिलं होतं तुम्हाला."

"हो, पण तुम्ही छान म्हणालात."

"म्हणाले. म्हणून तर आज इथे उभी राहिले. तुम्ही वर जाऊन एकदा तिच्या खोलीत उभे राहिला असतात तर माझ्या सहीची गरजच पडली नसती."

त्याने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला कळलं नाही, आणि मी थांबून विचारलंही नाही. डॉरिसने गाडीचा हॉर्न वाजवला, मी गेले.

अर्लीन


टोलेडो, २४ एप्रिल

रोझेटा,

निर्णयाची प्रत तुलाही गेली असेल. दावा झाकला. आता तुझ्या नावावर काही दिसणार नाही. अल्वाराडोने फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मी पावाची कणीक मळत होते, तसाच पिठाचा हात तोंडावर धरला आणि रडले. डॉरिसला कळवलं तर म्हणाली, "उशिरा का होईना." तिच्याकडून हे म्हणजे पदकच.

माझ्या घराचं भांडण मेमध्ये उभं राहील. मी सामान बांधलेलं नाही. एक खोकंसुद्धा आणलेलं नाही.

हे सगळं तुला कळवून मी पत्रं थांबवणार होते. तू उत्तर दिलं नाहीस, ते मी समजून होते. पण काल दुपारी फोन वाजला. नंबर फोर्ट वेनचा. मला वाटलं तू. हात पुसायला फडकं सापडेना.

पुरुषाचा आवाज होता. "मी ग्रेबर बोलतोय. माझं एक छोटं घर भाड्याने द्यायचंय. रोझेटा पिट्स यांनी अर्जात ओळखीसाठी तुमचं नाव दिलंय."

"माझं? नक्की माझं?"

"अर्लीन गोराल, टोलेडो. मी त्यांना विचारलं, या कोण? तर म्हणाल्या, खालच्या मजल्यावर राहायची, माझ्याबद्दल एकदा खोटं बोलली होती, आता बोलणार नाही, तिलाच विचारा. तीस वर्षं घरं भाड्याने देतोय, पण अशी ओळख मला कोणी दिली नव्हती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, "हॅलो? आहात ना?"

"आहे. विचारा."

"काय खोटं बोलला होतात?"

"तिचं घर थंडगार होतं, मी म्हटलं उबदार आहे."

"अच्छा. बाई तक्रारखोर आहेत का?"

"भट्टी बिघडली तर तक्रार करील. लेखी करील आणि तीनदा करील. तिचं बरोबर असेल."

तो हसला. "आणखी काही?"

"सकाळी सहाला भजनं गाते, सूर लागत नाही. पत्त्यांत हरली की दोन दिवस अबोला. शुक्रवारी मासे तळते, वास जिनाभर. बर्फ पडला की स्वतःच्या दारापुरता न उपसता शेजाऱ्यांच्या दारापर्यंत उपसते आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आता मी एक विचारते. तुमची भट्टी कशी आहे?"

"असेल की ठीक. बहुतेक गेल्या वर्षी तपासली होती."

"बहुतेक नको. तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"त्याच घरात. रंग देतोय."

"मग खाली जा, भट्टी लावा, प्रत्येक खोलीत गरम हवा येते त्या जाळीवर हात धरून बघा. मी फोन धरते."

"आत्ता? एप्रिलमध्ये?"

"आत्ता."

त्याने फोन कुठेतरी लाकडावर ठेवला. मला त्याची पावलं जिना उतरताना ऐकू आली, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा पावलं, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. मी भिंतीला टेकून उभी होते. तो परत आला तेव्हा धापा टाकत होता.

"मागच्या झोपायच्या खोलीत हवा येत नव्हती," तो म्हणाला. "जाळीत जुन्या गालिच्याचा तुकडा अडकला होता. ओढून काढला. आता येतेय."

"गरम?"

"गरम."

"मग तिला घर द्या," मी म्हटलं.

अर्लीन